पेन्शनमधून गळालेली वागळे इस्टेटची वर्षं

माझ्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, पेन्शनचा आकडा दोन हजार आठशे आणि वर काही रुपये असा होता. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या १९९५ च्या पेन्शन योजनेची, पेन्शन तुटपुंजी असते हे आमच्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांनाच तोंडपाठ, त्यामुळे आकड्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. खटकली ती सेवा. एकोणीस वर्षं आणि काही महिने. मी १९९७ च्या जूनपासून जुलै २०२३ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत एक महिनाही घरी बसलेले नाही. सव्वीस वर्षं होतात. मधली जवळपास सात वर्षं कुठे गेली?

ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये होती. रोड नंबर १६ च्या बाजूला एका छोट्या कारखान्यात आम्ही बायका कॉइल वाइंडिंग करायचो. कंपनीचं नाव लिहीत नाही, आता ती नाहीच. त्या गाळ्यांच्या जागी काचेची इमारत उभी आहे आणि खाली कॉफीचं दुकान आहे. मार्च २००४ मध्ये मी ती नोकरी सोडली आणि एप्रिलपासून तुर्भ्याच्या औषध कंपनीत पॅकिंगला लागले. ठाणे-वाशी लोकल तेव्हा अजून सुरू झाली नव्हती, कळवा नाक्यावरून कंपनीची बस पकडायची. पुढची सगळी नोकरी तिथेच झाली.

तर ही सात वर्षं गळाल्यामुळे काय बिघडतं ते आधी सांगते, कारण अनेकांना वाटतं की सेवा थोडी कमी लागली तर शंभर-दोनशेचा फरक, कोण भांडत बसणार. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, पण पगाराच्या ठरावीक मर्यादेवरच. ती मर्यादा जून २००१ पासून ६,५०० होती, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. म्हणून पगार कितीही असला तरी जुन्या काळात महिन्याला ५४१ रुपये आणि आता १,२५० रुपये, याच्या वर सर्वसाधारणपणे जात नाहीत. पेन्शन काढताना शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. त्यातही ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा लावतात आणि नंतरच्या सेवेला १५,००० ची. आणि ज्याची पेन्शनपात्र सेवा वीस वर्षं भरते आणि जो अठ्ठावन्नला निवृत्त होतो, त्याला दोन वर्षं वाढवून मिळतात. माझी वीस भरत नव्हती. म्हणजे सात वर्षं गेलीच, वर ती बोनसची दोनही गेली. कागदावर हिशेब मांडला तर महिन्याला आठशे रुपयांच्या वर फटका बसत होता, तोही आयुष्यभर. दोन हजार आठशेवाल्या बाईला आठशे म्हणजे काय, हे सांगायला नको.

मला सगळ्यात आधी जे सांगितलं गेलं ते असं: 'तुमचा पीएफ ट्रान्सफर झालाय, पासबुकात दिसतोय, मग तक्रार कसली?' पीएफचे पैसे खरंच ट्रान्सफर झाले होते. २००५ मध्ये १३ नंबरचा फॉर्म भरला होता, त्याची पोच माझ्याकडे होती. पण पेन्शन फंडाचे पैसे असे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात नाहीत. पेन्शनच्या बाबतीत पुढे जाते ती फक्त सेवेची नोंद: कधी लागलात, कधी सोडलं, पगार किती, बिनपगारी दिवस किती. ती नोंद 'ॲनेक्शर-के' नावाच्या कागदावर जुन्या ऑफिसकडून नव्या ऑफिसकडे जाते. रक्कम पोचली आणि नोंद अर्धवट पोचली, असं होऊ शकतं. पासबुकाच्या पेन्शनच्या रकान्यात ट्रान्सफरच्या ओळीसमोर शून्य दिसतं, त्यावरून काही कळत नाही. ही गोष्ट मला कुणी समजावून सांगेपर्यंत मी सगळीकडे पासबुकच दाखवत फिरत होते आणि समोरचा माणूस दर वेळी तेच पासबुक मलाच दाखवत होता.

सुरुवात तुर्भ्याच्या कंपनीच्या एचआरपासून केली. एचआरचा मुलगा चांगला होता, पण त्याच्या सिस्टिममध्ये २००४ च्या आधीचं माझं काही नव्हतंच. त्याने एक काम मात्र नीट केलं. कंपनीच्या लेटरहेडवर लिहून दिलं की या कर्मचाऱ्याचा आधीच्या खात्यातला पीएफ अमुक साली इकडे आला, जुना नंबर अमुक. एवढं दोन ओळींचं पत्र पुढे प्रत्येक ठिकाणी पहिल्या पानाला लावलं.

मग पीएफ ऑफिस. दोन कंपन्या दोन वेगवेगळ्या ऑफिसांच्या हद्दीत, म्हणजे दोन्हीकडे जाणं आलं. कुठली ऑफिसं ते लिहीत नाही. सुप्रीम कोर्टाचा ४ नोव्हेंबर २०२२ चा वाढीव पेन्शनचा निकाल लागल्यापासून या काउंटरांवर जी गर्दी असायची ती अजून ओसरलेली नव्हती. हातात कोर्टाच्या निकालाची झेरॉक्स घेऊन मोठ्या पगाराचे निवृत्त साहेब लोक, आणि त्यांच्यामध्ये मी, सातशे रुपयांच्या पर्समध्ये जुन्या स्लिपा घेऊन. नव्या ऑफिसचं म्हणणं: जुन्या ऑफिसकडून सेवेची माहिती आलेली नाही. जुन्या ऑफिसचं म्हणणं: आमच्याकडून ट्रान्सफर निकाली निघालेलं आहे, आमच्याकडे आता काही शिल्लक नाही. दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत होते, हीच तर पंचाईत.

आणि एक तिसरं म्हणणंही होतं. काउंटरवरच्या बाईंनी अगदी सहज विचारलं, "मावशी, तुम्ही तेव्हा दहा-सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील. आठवतं का?" नोकरी सोडताना १०-सी भरून पेन्शनचा हिस्सा उचलला की तेवढी सेवा संपते, हा नियम खरा आहे आणि त्या काळात अनेक बायकांनी तसे पैसे काढलेही. मी काढलेले नव्हते. पण न काढलेल्या पैशाचा पुरावा कुठून आणायचा? हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला. तो पुढे माहितीच्या अधिकारात फार कामाला आला.

ऑनलाइन तक्रारीचा रस्ता म्हणजे ईपीएफआयजीएमएस, पीएफ संघटनेचं तक्रारीचं पोर्टल. पेन्शनर असाल तर 'ईपीएस पेन्शनर' निवडून पीपीओ नंबर टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो, तक्रार लिहायची, कागद पीडीएफ करून जोडायचे, आणि नोंदणी क्रमांक मिळतो. उमंग ॲपवरूनही करता येते. माझी पहिली तक्रार चांगली दीड पानाची होती, १९९७ पासूनचा इतिहास, दोन कंपन्या, दोन ऑफिसं, ट्रान्सफर, बोनसची दोन वर्षं, सगळं. उत्तर आलं ते असं की आपली पेन्शन उपलब्ध सेवेनुसार नियमाप्रमाणे निश्चित केलेली आहे. तक्रार बंद. तांत्रिकदृष्ट्या उत्तर बरोबर! उपलब्ध सेवेनुसार बरोबरच होती, उपलब्ध नव्हती तीच तर तक्रार होती.

पुढच्या तक्रारीत मी एकच मागणी केली: माझ्या पेन्शनच्या हिशेबाचं वर्कशीट द्या, आणि त्यात आधीच्या खात्याची सेवा धरली आहे की नाही एवढंच सांगा. याला मात्र सरळ उत्तर आलं. धरलेली नाही, कारण ॲनेक्शर-के मध्ये सेवेचा पूर्ण तपशील नाही. पहिल्यांदाच 'आलेली नाही' ऐवजी 'पूर्ण नाही' असं लेखी मिळालं. म्हणजे कागद आला होता, त्यात काहीतरी रिकामं होतं. एवढ्या एका शब्दासाठी मी पोर्टलचे आभार मानायला तयार आहे. रिमाइंडरचं बटण असतं तिथे, तेही वापरावं. पण बंद झालेल्या तक्रारीवर चिडून तीच तक्रार पुन्हा टाकण्यापेक्षा, आलेल्या उत्तरातलं वाक्य उचलून त्यावर नवा प्रश्न विचारला तर गाडी पुढे सरकते, हा माझा अनुभव.

मधल्या काळात मी वागळे इस्टेटच्या जुन्या कंपनीतलं कोणी सापडतंय का ते बघत होते. आमचे टाइमकीपर काका किसननगरला राहतात, हे एका मैत्रिणीकडून कळलं. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, पण मला बघितल्याबरोबर, "वाइंडिंगची ना तू? दुसऱ्या शिफ्टची." कंपनी बंद झाली तेव्हा मालकाने रद्दीवाल्याला बोलावलं होतं आणि काकांनी पीएफच्या फायली रद्दीत जाऊ दिल्या नव्हत्या. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक त्यांच्या नातवाने ओढून बाहेर काढली. आत दोऱ्याने बांधलेले गठ्ठे, वर पेन्सिलने सालं. कार्बन कॉप्या इतक्या पुसट की खिडकीपाशी नेऊन वाचायला लागल्या.

"पाच नंबर म्हणजे नवे लागलेले, दहा नंबर म्हणजे सोडून गेलेले," काका सांगत होते. "दर महिन्याला ऑफिसला जायचं हे. तुझं नाव पाच नंबरात मीच लिहिलंय गं. दहा नंबरातही मीच लिहिलं असणार, बघ." जून १९९७ च्या पाच नंबरच्या फॉर्मवर माझं नाव होतं, त्यात वडिलांचं नाव चुकलेलं, पण जन्मतारीख बरोबर. मार्च २००४ चा दहा नंबरचा फॉर्म शोधायला जास्त वेळ लागला. तोही सापडला, त्यावर ऑफिसचा इनवर्डचा गोल शिक्का. माझ्या काही वर्षांच्या ३-ए च्या, म्हणजे वर्षभराच्या पीएफच्या हिशेबाच्या, स्लिपाही निघाल्या, त्यात पेन्शनचा हिस्सा वेगळ्या रकान्यात स्पष्ट होता. काकांनी मूळ कागद द्यायला ठाम नकार दिला. "झेरॉक्स काढ आणि परत आणून दे. अजून कोण कोण येईल सांगता येत नाही." बरोबरच होतं त्यांचं.

दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर होतं, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जानेवारी २०२३ पासून ते नव्या स्वरूपात सुरू आहे. काउंटरपेक्षा तिथे एक फायदा: अधिकारी समोर बसलेला असतो आणि त्याला फाईल उघडून बघायला थोडा वेळ असतो. मी झेरॉक्सांचा गठ्ठा ठेवला. त्या साहेबांनी दहा नंबरचा फॉर्म उचलला, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हा तुमच्याकडे आहे तर बाकी सगळं होईल. पण जुन्या ऑफिसला तुमच्या सोडल्याच्या तारखेची दुरुस्ती करायला लागेल. कंपनी बंद आहे ना? मग जॉइंट डिक्लरेशनवर मालकाची सही कुठून आणणार? राजपत्रित अधिकाऱ्याची घ्या." जन्मतारीख, नाव, नोकरीला लागल्या-सोडल्याच्या तारखा यांच्या दुरुस्तीसाठी हे जॉइंट डिक्लरेशन लागतं, कंपनी बंद असेल तर राजपत्रित अधिकारी वगैरे ठरवून दिलेल्या लोकांपैकी कुणाची तरी सही-शिक्का चालतो. ही माहिती नियमात आहे, फक्त काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही. सही मिळाली, अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. ज्या कागदावर पोच नाही तो दिलाच नाही असं समजायचं, हे मला काकांनीच शिकवलं होतं.

त्यानंतर काहीच झालं नाही. नुसती शांतता.

मग सीपीग्राम्स. केंद्र सरकारच्या कुठल्याही खात्याविरुद्धची तक्रार इथे जाते. आपण श्रम मंत्रालय, त्याखाली भविष्य निर्वाह निधी संघटना असं निवडायचं. ऑगस्ट २०२४ पासून तक्रार निकाली काढायची मुदत २१ दिवसांची केली आहे. इथे मी तक्रार पाच-सहा वाक्यांत लिहिली. पहिल्या वाक्यात मागणी, मग कुठल्या तारखेला कुठे काय दिलं, पोचेचा क्रमांक, आणि ईपीएफआयजीएमएसचं उत्तर शब्दशः. त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकाराचा अर्जही ऑनलाइन टाकला. पीएफ हे केंद्राचं खातं, त्यामुळे केंद्राच्या पोर्टलवर. महाराष्ट्राच्या पोर्टलवर टाकून उपयोग नाही. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात तक्रार केली नाही, फक्त कागद मागितले: माझ्या खात्याच्या ट्रान्सफरच्या वेळी पाठवलेल्या ॲनेक्शर-के ची प्रत, माझ्या जॉइंट डिक्लरेशनवर आतापर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदीची प्रत, आणि या खात्यावर १०-सी चा दावा कधी निकाली निघाला असल्यास त्याची तारीख व रक्कम.

सीपीग्राम्सची तक्रार मुदतीत बंद झाली, 'प्रकरण संबंधित विभागाकडे पाठवले आहे' या उत्तरावर. दोन दिवसांनी एका मुलीचा फोन, समाधान झालं का विचारायला. नाही म्हणाले. समाधान झालं नाही अशी नोंद केली की ३० दिवसांत अपील करता येतं, आणि ते वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. मी अपील लगेच टाकलं नाही, माहितीच्या अधिकाराच्या उत्तराची वाट बघितली. ते मुदत संपायच्या आत आलं.

तीन पानं होती. १०-सी बाबत: या खात्यावर असा कोणताही दावा निकाली निघालेला नाही. बरं वाटलं, खोटं काय बोलायचं. आणि ॲनेक्शर-के ची प्रत. टाइपरायटरने भरलेली. नाव, जुना नंबर, नवा नंबर, रक्कम, लागल्याची तारीख, सगळं जागच्या जागी. 'सोडल्याची तारीख' या शब्दांपुढे काही नाही. तेवढी एक जागा रिकामी राहिल्यामुळे सात वर्षांना शेवट नव्हता, आणि शेवट नसलेली सेवा हिशेबात धरता येत नाही. २००५ साली कुणाच्या तरी टेबलावर जेवणाची सुट्टी झाली असेल, इतकंच.

अपीलाला ही प्रत आणि दहा नंबरचा फॉर्म दोन्ही जोडले. मजकूर: रिकामी असलेली तारीख ही, तिचा पुरावा हा, पेन्शनची फेरगणना करावी. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं. या वेळी फोन जुन्या ऑफिसमधूनच आला, मूळ प्रत दाखवायला येता का म्हणून. काकांना रिक्षात बसवून घेऊन गेले, गठ्ठा त्यांच्याच मांडीवर. तिथल्या तरुण क्लार्कने ते पिवळे कागद बघून काकांना खुर्ची दिली आणि चहा मागवला. काका त्याला फॉर्मचे नंबर समजावत बसले.

ज्यांच्या पगारातून पीएफ कापला पण कंपनीने भरलाच नाही, त्यांचा रस्ता वेगळा आहे, तिथे पीएफ ऑफिसकडून कंपनीची चौकशी लागते. आमच्या ओळखीतल्या एका वकील ताईंनी मला ग्राहक आयोगाचाही पर्याय सांगून ठेवला होता. पीएफचा सदस्य हा ग्राहक आहे असं सुप्रीम कोर्टाने शिवकुमार जोशी प्रकरणात म्हटलंय आणि २००८ मध्ये भवानी प्रकरणात पेन्शनबाबतही. तिथपर्यंत जायची वेळ आली नाही.

सुधारित पीपीओ २०२५ च्या पावसाळ्यात आला. सेवेत सव्वीस वर्षं, वर बोनसची दोन. जुलै २०२३ पासूनचा फरक, जवळजवळ वीस हजार रुपये, एकदम खात्यात जमा झाला. पुढे माझ्या कॉइल वाइंडिंगच्या दोन मैत्रिणीही काकांकडे जाऊन आल्या. एकीचं काम लगेच झालं, दुसरीने खरंच १०-सी भरलेलं निघालं.

माझी एक बाब अजून बाकी आहे. योजनेच्या १७-ए परिच्छेदानुसार सगळ्या कागदपत्रांनिशी आलेला दावा २० दिवसांत निकाली काढायचा असतो, सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर १२ टक्के दंडव्याज लागू शकतं. माझ्या मते जॉइंट डिक्लरेशनची पोच मिळाली त्या दिवसापासून माझे कागद पूर्ण होते. ऑफिसच्या मते ते मूळ प्रत दाखवली त्या दिवशी पूर्ण झाले. व्याजाची रक्कम फार नाही. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, आणि उत्तर नकाराचं आलं तर त्यात कारण काय लिहितात ते बघून पुढचं अपील लिहीन.